न मागितलेली परीक्षणं

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. बँकेत सदतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे वीस मिनिटं म्हणजे वीसच. एकविसाव्या मिनिटाला कोणीही उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

विषय कसा ठरला ते आधी सांगतो. मी दर बुधवारी दुपारी सिनेमाला जातो. बुधवारी गर्दी नसते आणि तिकीट जरा कमी असतं. संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसलो की कोणी विचारो न विचारो, सिनेमा कसा होता ते सांगतो. गेल्या महिन्यात आपल्या सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची न मागितलेली परीक्षणं एकदा माईकवरूनच सांगा, म्हणजे रोज ऐकायला नकोत." तेव्हा हे भाषण म्हणजे एकरकमी परतफेड आहे असं समजा.

मी काही जाणकार वगैरे नाही. बी. कॉम. झालेला माणूस. सिनेमा बघायला शिकलो तो दोन ठिकाणी. एक, डोंबिवलीत. टिळक टॉकीज, गोपी, पूजा-मधुबन, ही आमची विद्यापीठं. आज तरुण मुलं रिक्षावाल्याला नुसतं 'टिळक टॉकीज' म्हणून सांगतात, पण तिथे टॉकीज कशाला म्हणत असत हे त्यांना माहीत नसतं. आणि दुसरं, मुंबईत प्रभात चित्र मंडळ. ऑफिसातला एक सहकारी मला ओढून घेऊन गेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुठल्यातरी देशाचा सिनेमा होता, तासभर एक माणूस एका घोड्याबरोबर चालत होता, आणि मी झोपलो. पण दुसऱ्या वेळेला झोपलो नाही. तिथून परत येताना शेवटच्या गाडीत दारात उभं राहून जी चर्चा व्हायची, तिचं आज मला जास्त आठवतं, सिनेमे कमी आठवतात.

आता मूळ मुद्दा. डोंबिवलीकर आहोत म्हणजे सुरुवात 'डोंबिवली फास्ट'पासून करायला पाहिजे. हा काही अलीकडचा नव्हे, २००५ चा. पण मी तो मागच्याच महिन्यात पुन्हा पाहिला, वीस वर्षांनी. दिग्दर्शक निशिकांत कामत, त्यांचा तो पहिला चित्रपट. पुढे त्यांनी 'मुंबई मेरी जान' केला, हिंदी 'दृश्यम' केला, आणि २०२० मध्ये फार लवकर गेले. 'डोंबिवली फास्ट'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तमिळमध्ये माधवनला घेऊन त्यांनी स्वतःच तो पुन्हा केला. संदीप कुलकर्णीने माधव आपटे केलाय. नाव मुंबईच्या जुन्या कसोटीपटूचं, आणि हातात बॅट. हे मुद्दाम केलंय की योगायोग, मला माहीत नाही, पण गंमत वाटते.

हा माधव आपटे कोण? डोंबिवलीत राहणारा, रोज गाडीने मुंबईला जाणारा बँकेचा कर्मचारी. म्हणजे मीच की हो! २००५ मध्ये मी पंचावन्न वर्षांचा होतो, फोर्टातल्या शाखेत होतो. जागा मिळावी म्हणून सकाळी आधी उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी धरून परत यायचं, हा उद्योग मी अकरा वर्षं केला. तेव्हा थिएटरमध्ये तो छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारावर बॅट चालवतो ना, तिथे शिट्ट्या पडल्या होत्या. त्यातली एक माझी होती. पंचावन्नाव्या वर्षी वाजवलेली ती बहुधा शेवटची शिट्टी.

या वेळी शिट्टी वाजवावीशी वाटली नाही. सिनेमा आजही चांगला आहे, संदीप कुलकर्णी तर उत्तमच. पण मी मध्येच थांबवला आणि उठून पाणी प्यायलो. मला एक बाई आठवल्या.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट असेल. एक वयस्क बाई फॅमिली पेन्शनचे पैसे काढायला यायच्या. हात थरथरायचा. सही जुळेना. नमुना सही वीस वर्षांपूर्वीची, ठसठशीत. मी म्हटलं, "आजी, सही जुळत नाही, नीट करून आणा." दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा तेच. मी पुन्हा परत पाठवलं. नियमाने मी बरोबर होतो. पण नियमात हेही होतं की हात चालत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा घेता येतो, नवीन नमुना सही घेता येते. पाच मिनिटांचं काम होतं. महिनाअखेर होती, काउंटरवर रांग होती, मी ते केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मुलाबरोबर आल्या तेव्हा दुसऱ्या अधिकाऱ्याने ते काम करून दिलं.

सिनेमात माधव आपटेला चीड कशाची येते? काउंटरपलीकडच्या माणसांची. आणि मी वीस वर्षांपूर्वी थिएटरात बसून त्याच्या बाजूने शिट्टी वाजवत होतो. आता मला वाटतं, तो बॅट घेऊन माझ्या शाखेत आला असता तर? मी त्याला नियम दाखवला असता. आणि त्याने काय केलं असतं ते तुम्ही सिनेमात बघितलंच आहे.

दुसरी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती, ती म्हणजे त्याची बायको. शिल्पा तुळसकरने ती केली आहे. नवरा जगाला सुधारायला बाहेर पडला की घरात दूध, शाळा, बिलं कोण बघतं? २००५ मध्ये मला ती आडकाठी करणारी वाटली होती. या वेळी ती घर सांभाळणारी वाटली. सिनेमा तोच आहे, एक फ्रेम बदललेली नाही.

डोंबिवलीवरचे बाकीचे दोन भराभर सांगतो. 'डोंबिवली रिटर्न' २०१९ चा, त्यातही संदीप कुलकर्णी. पण ही पुढची गोष्ट नव्हे, वेगळीच आहे; मला तो मधूनमधून आवडला, पूर्ण नाही. आणि २०२२ चा 'झोंबिवली'. हा माझ्या नातवाने बघायला लावला. डोंबिवलीत भुतं सुटतात, माणसं माणसांना चावतात. मी म्हटलं, संध्याकाळची सहाची गाडी पाहिली नाहीस का, हे काय नवीन दाखवतायत? पण थट्टा बाजूला ठेवा. आदित्य सरपोतदारने त्यात उंच टॉवर आणि शेजारची वस्ती, यांच्यातला पाण्याचा मुद्दा बरोबर पकडलाय. ज्या सोसायटीने एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली आहे, तिने हा सिनेमा भुतांसाठी नाही, पाण्यासाठी बघावा.

आता 'जुनं फर्निचर'. इथे थोडा वाद होणार आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी तो दोनदा पाहिलाय हे मला ठाऊक आहे. २०२४ चा, महेश मांजरेकरांचा. लेखन, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका सगळं त्यांचंच. निवृत्त बाप, मोठ्या हुद्द्यावरचा मुलगा, आईच्या आजारपणात मुलगा उपयोगी पडत नाही, आई जाते, आणि बाप मुलावर दावा लावतो: तुला वाढवायला जो खर्च झाला तो परत दे. आपण सोसायटीतले एकोणीस जण एकत्र गेलो होतो. मध्यंतरात अर्धे डोळे पुसत होते, शेवटी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तेव्हा काही मित्र माझ्यावर रागावले. आज कारण सांगतो.

मांजरेकरांचं काम चांगलं आहे, त्यात शंका नाही. पण खातेवही उघडायची तर दोन्ही बाजू लिहायला लागतात. सिनेमाने नावेची बाजू सगळी लिहिली आणि जमेची कोरी ठेवली. मुलगा इतका काळा रंगवलाय की आपल्याला घरी येऊन स्वतःकडे बघायची गरजच राहत नाही. "माझा तसा नाही" किंवा "माझाही तसाच", एवढं म्हणायचं आणि झोपायचं.

माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा बंगळुरूला असतो. आम्ही त्याला सांगितलंच नाही. उगाच त्याला रजा काढायला नको, विमानाचं तिकीट नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आणि चार दिवसांनी कट्ट्यावर बसून मीच काय म्हणालो? "आजकालची मुलं, कुठे येतात हो!" ज्यांच्यापुढे म्हणालो ते दोघं इथे बसलेत. त्याला कळलं तेव्हा तो फोनवर काहीच बोलला नाही, मिनिटभर गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "बाबा, मला बघायला मिळायला पाहिजे होतं." आता मांजरेकरांच्या कोर्टात ही केस कशी लिहायची?

एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, सिनेमापेक्षा उपयोगी पडेल. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ पासून आहे. मूळ कायद्यात निर्वाहाची रक्कम महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये धरलेली आहे. आयुष्यभराचा खर्च वसूल करायची त्यात सोय नाही. पण त्यात कलम २३ आहे, ते महत्त्वाचं. बक्षीसपत्राने घर मुलांच्या नावावर करताना 'आमची देखभाल करावी' ही अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. म्हणून द्यायचंच असेल तर अट लेखी घाला. त्याहून बरं म्हणजे हयातीत घर नावावर करूच नका, मृत्युपत्र करा. आणि पंचवीस वर्षं सांगतोय, पुन्हा एकदा सांगतो: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे वाक्य सभेत मी इतक्या वेळा बोललोय की मागे मुलं माझी नक्कल करतात, ते मला माहीत आहे.

बरं. आता ज्या सिनेमासाठी मी हे भाषण कबूल केलं त्याच्याकडे येतो. 'स्थळ'. जयंत सोमलकर दिग्दर्शक. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये गाजला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागला. विदर्भातलं गाव, कापूस पिकवणारा शेतकरी बाप, कॉलेजात शिकणारी सविता नावाची मुलगी. काम करणारी माणसं बहुतेक त्या भागातलीच, चेहरा एकही ओळखीचा नाही, आणि म्हणूनच ती खरी वाटतात. नंदिनी चिकटे हिने सविता केली आहे. डोळे खाली घालून बसलेली असते, आणि तरी आपल्याला कळतं की आत काय चाललंय.

सुरुवातीलाच गंमत आहे. एक मुलगा दाखवायला बसवलाय, आणि समोर बायका बसून त्याला प्रश्न विचारतायत. नाव काय, उंची किती, कामं काय काय येतात. थिएटरात हशा पिकला. मीही हसलो. मग कळतं, ते सविताचं स्वप्न आहे. आणि पुढे तेच सगळे प्रश्न तिला, खऱ्या आयुष्यात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पाहुणे येतात, पाय धुतात, पोहे खातात, तिला समोर बसवतात, तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि नंतर निरोप नाही, किंवा नकार. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदा थोडे हसले, तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. दिग्दर्शकाने एकही मोठं वाक्य कोणाच्या तोंडी घातलेलं नाही. नुसतं तेच पुन्हा दाखवलं.

आमची ही माझ्या शेजारी बसली होती. ती पहिल्यांदाही हसली नव्हती. हे मला नंतर जाणवलं.

आता तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माझी एक गोष्ट पाठ आहे. लग्नाच्या वाढदिवसाला, नव्या सुनांना, कोणालाही मी ती सांगतो. १९७९ साली आम्ही हिला बघायला कल्याणला, पारनाक्यावरच्या वाड्यात गेलो. सगळे काय काय विचारत होते. मी बँकेतला, सह्या तपासणारा. मी म्हटलं, मला काही विचारायचं नाही, फक्त त्यांनी एका कागदावर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहून दाखवावा. हिने लिहिला. अक्षर मोत्यासारखं. मी त्याच क्षणी होकार दिला. 'अक्षर बघून बायको केली', अशी ती गोष्ट. सेहेचाळीस वर्षं सांगतोय, आणि सेहेचाळीस वर्षं लोक वा वा म्हणतायत. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, माझ्या पहिल्या पासबुकाच्या कव्हरात.

'स्थळ' बघून आम्ही बाहेर आलो. रिक्षात बसलो. पत्री पुलापर्यंत ही काही बोलली नाही. मला वाटलं, एसीमुळे डोकं दुखत असेल. मग म्हणाली, "तुमच्या आधी सहा जण येऊन गेले होते."

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

"तुम्हाला आकडा माहीत आहे," ती म्हणाली. "एकाने चष्मा काढून बसायला सांगितलं होतं. एकाच्या आईने चालून दाखवायला सांगितलं, उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत, दोनदा. आणि तुम्ही लिहायला सांगितलंत. मला वाटलं, चला, हे तरी जरा वेगळं आहे. पण हात इतका थरथरत होता की मी आधी पाठच्या बाजूला गिरवून बघितलं होतं. ते तुम्ही कधी बघितलं नाहीत."

मी गप्प बसलो. मग ती हसली आणि म्हणाली, "आणि तुमचं अक्षर मला लग्नानंतर कळलं."

ज्यांनी सोसायटीच्या जुन्या मिनिट बुकात माझं अक्षर पाहिलंय, त्यांना आत्ता का हसू आलं ते मी समजू शकतो.

घरी आल्यावर कपाटातून पासबुक काढलं. कागद बाहेर काढून उलटा केला. पाठीमागे पेन्सिलीने दोनदा नाव लिहिलंय, पुसट. एकदा अर्धवट सोडलेलं. सेहेचाळीस वर्षांत मी हा कागद किती जणांना दाखवला असेल, पण एकदाही उलटा केला नव्हता. थरथरत्या हाताच्या सहीचं माझं वावडं जुनंच म्हणायचं.

ही समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. हे सांगू का म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, "सांगा, पण पूर्ण सांगा." म्हणून पूर्ण सांगितलं. ती 'अक्षर बघून' वाली गोष्ट मी आता बंद केली आहे. कोणाला हवी असेल तर तिच्याकडून ऐकावी, तिची गोष्ट जास्त चांगली आहे.

किती मिनिटं झाली? चौदा? ठीक.

'दशावतार'बद्दल सगळ्यांना माझं मत ऐकायचंय, कारण मी कट्ट्यावर काहीतरी बोललो आणि शेजारच्या विंगमधले मालवणी दोस्त अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. स्पष्ट करतो. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर हे काम करतात याला माझा साष्टांग नमस्कार. पहिला अर्धा भाग, म्हणजे तो म्हातारा दशावतारी कलाकार, त्याची रंगपेटी, मुलाशी नातं, रात्रीचा खेळ, हे सगळं मी पुन्हा पाहीन. उत्तरार्धात तो सूड घ्यायला निघतो आणि सिनेमा जोरात ओरडायला लागतो. पार्श्वसंगीत इतकं की समुद्रसुद्धा ऐकू येत नाही. खाणीचा प्रश्न खरा आहे, कोकणात तो आजचा आहे. पण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एकेकाला अवतार दाखवून संपवायचं, हे मला माधव आपटेच्या बॅटसारखंच वाटतं. टाळ्या मिळतात. एवढंच म्हणणं होतं माझं. मालवणी मंडळींनी आता माझ्याकडे यायला हरकत नाही, सोलकढी घेऊन आलात तर उत्तम.

'साबर बोंडं' किती जणांनी पाहिला? दोन हात. बरोबर, मी गेलो तेव्हाही थिएटरात आम्ही सात जण होतो. रोहन कानवडेचा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ मध्ये परदेशी चित्रपटांच्या विभागात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मराठी सिनेमाला हे पहिल्यांदाच. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या विधींसाठी मुंबईतला मुलगा गावी जातो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. त्याचं प्रेम मात्र गावातल्या बालमित्रावर आहे. हे नुसतं ऐकून आपल्यातल्या काहींनी 'असले सिनेमे' म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. मी तुमचं मत बदलायला उभा नाही. पण त्यातली आई बघा. ती सगळं ओळखून आहे, आणि चारचौघांत मुलाला उघडं पडू देत नाही. आपल्या एकशे बारा घरांत एखाद्या घरी असा मुलगा, अशी मुलगी नसेलच असं कोणी खात्रीने सांगू शकेल का? मी तरी सांगणार नाही.

शेवटचा, 'नाच गं घुमा'. परेश मोकाशींचा, १ मे २०२४ ला आला. मुक्ता बर्वे नोकरी करणारी बाई, नम्रता संभेराव तिच्याकडे कामाला येणारी आशाताई. कामवाली आली नाही तर घराचं काय होतं, यावर हसवत हसवत चाललेला सिनेमा. मला मध्ये तो थोडा ताणलेला वाटला, पण नम्रता संभेरावने कमाल केलीय. विनोदी नट मंडळींना आपण रडवायला कधी संधीच देत नाही. आपल्या महिला मंडळाने एक अख्खी रांग बुक केली होती. सगळ्याजणी हसल्या, शेवटी सगळ्याजणी रडल्या. परत येताना रिक्षात, "आपण आपल्या बायकांशी नीट वागलं पाहिजे हं," असं सर्वानुमते ठरलं.

मग आम्ही लिफ्टपाशी आलो. तिथे पाटी आहे. लॅमिनेट केलेली. 'सकाळी ८ ते १०.३० या वेळात घरकाम करणाऱ्या महिला व डिलिव्हरी करणाऱ्या व्यक्तींनी जिन्याचा वापर करावा. हुकुमावरून.' खाली सेक्रेटरीची सही. २००९ सालची. सही माझी आहे.

तेव्हा कारण होतं. एक लिफ्ट सहा महिने बंद होती, सकाळी शाळेची मुलं, ऑफिसची माणसं, भांडणं होत होती. मी ठराव मांडला, एकमताने पास झाला. दुसरी लिफ्ट सुरू होऊन पंधरा वर्षं झाली. पाटी तशीच. त्या दिवशी ती सही मी पहिल्यांदा बाहेरच्या माणसासारखी वाचली. नियमाने मी तेव्हाही बरोबरच होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी उत्साहाने सिनेमाची गोष्ट सांगितली. त्या भांडी घासता घासता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या बाईला घरं किती आहेत हो काका, कामाची?" मला सांगता येईना. दोन तास तिच्याकडे बघितलं, डोळे पुसले, आणि एवढं लक्षात ठेवलं नाही. मी विचारलं, तुम्हाला किती? म्हणाल्या, "सहा. यातली दोन पाचव्या मजल्यावर, दोन सातव्या." त्यांचं वय एकोणसाठ आहे. हे मला अकरा वर्षांनंतर त्या दिवशी कळलं.

मुलाच्या लॉगिनवर मी 'परफेक्ट डेज' बघितला, विम वेंडर्सचा. टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणारा माणूस. त्या कामासाठी कोजी याकुशो या नटाला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. तो दुपारी डबा खाताना झाडाच्या पानांतून येणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो. सुंदर आहे. मी कट्ट्यावर तीन दिवस त्याचंच कौतुक केलं. तेव्हा आपले सफाई करणारे दादा बाजूलाच झाडत होते, त्यांचं आडनाव मला आजही सांगता येत नाही.

तर लिफ्टबद्दल मी मे २०२४ मध्ये कमिटीला पत्र दिलं. पाटी काढावी म्हणून. कमिटीने सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचं मान्य केलं. बँकेत सहानुभूतीपूर्वक विचार म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. ऑगस्टमध्ये वेळ संपली, म्हणून विषय पुढे गेला. गेल्या वर्षी कोरम नव्हता. कोणी म्हणालं, ठराव सर्वसाधारण सभेचा आहे, तो सभाच बदलू शकते. बरोबर आहे, नियम तसाच आहे. कोणी म्हणालं, "काका, तुम्ही सत्तराव्या मजल्यावरून बोलताय, आम्हाला सकाळी आठ सत्तावीसची गाडी पकडायची असते." तेही खोटं नाही. मी पस्तीस वर्षं ती गाडी पकडली आहे.

आता पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय शेवटून दुसरा आहे. शेवटून दुसऱ्या विषयापर्यंत आपल्याकडे माणसं थांबत नाहीत, चहा होतो आणि खुर्च्या रिकाम्या होतात. म्हणून आजच, सगळे हजर असताना, माईकवरून सांगून ठेवतो: त्या दिवशी थांबा. विरोधात मत द्यायचं असेल तर द्या, पण थांबा.

आणि पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या शनिवारी क्लबरूममध्ये सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघावा आणि नंतर अर्धा तास भांडावं, असं आम्ही काही जणांनी ठरवलंय. पहिला 'स्थळ' बघावा असं मला वाटतं. त्या दिवशी परीक्षण मी करणार नाही, दुसऱ्या रांगेतल्या बाई करतील. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

वीस मिनिटं झाली. खालून जेवण तयार आहे अशी खूण करतायत.